पितळी अस्वलघंटा: मागोमे ते त्सुमागो, आईसोबत

आधी वस्तू सांगते. पितळेची घंटा, मुठीत मावेल एवढी. वर कडीचा हुक, बाजूला छोटा खटका. खटका वर सरकवला की आतला लोलक अडकतो आणि घंटा मुकी होते; खाली आणला की चालण्याच्या हिसक्याने ती आपली आपण वाजत राहते. नागोयातल्या एका गिर्यारोहणाच्या दुकानातून 2,640 येनला घेतली, म्हणजे साधारण दीड हजार रुपयांना. वजन जेमतेम पाऊणशे ग्रॅम. जपानीत हिला कुमा-सुझु म्हणतात. कुमा म्हणजे अस्वल. अस्वलाला माणसाची चाहूल आधीच लागावी म्हणून डोंगरात जाणाऱ्या कितीतरी लोकांच्या पाठपिशवीला अशी एखादी लटकलेली दिसते. रचना बहुतेक कंपन्यांची थोड्याफार फरकाने तीच असते, म्हणून कंपनीचं नाव न घेता लिहिते. कुठलीही घ्यायची झाली तरी काय बघून घ्यावी ते यातून कळेल.

मी नागोयाजवळ गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करते, आता सहावं वर्ष चालू आहे. मूळची बुलढाण्याची. माझं आजोळ मोताळा तालुक्यात, ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला. तिथे अस्वल दिसलं ही बातमी नसते, चावलं तर बातमी होते. मामाच्या शेजारच्या शेतातले एक काका आयुष्यभर डोक्याला पंचा बांधून फिरायचे. त्या पंचाखाली काय आहे ते मी सात-आठ वर्षांची असताना एकदा पाहिलं आणि पुढे कितीतरी रात्री मला झोप लागली नव्हती. त्यामुळे अस्वल म्हटल्यावर मला गुबगुबीत खेळणं आठवत नाही. जपानमध्ये दुकानोदुकानी अस्वलाची गोड चित्रं असतात. ती पाहून इथे येणारे पाहुणे निर्धास्त होतात, याची मला खरंच काळजी वाटते.

आई गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी माझ्याकडे आली, तीन महिन्यांसाठी. वय 62, पण गुडघे माझ्यापेक्षा बरे. तिला शहर नको होतं. "मले डोंगर दाखव, शेतं दाखव," एवढंच म्हणाली. मी दोन बेत ठरवले होते: एक शिराकावा-गो हे डोंगरातलं जुनं गाव आणि दुसरा किसो खोऱ्यातली मागोमे-त्सुमागोची जुनी पायवाट. आणि नेमकी 5 ऑक्टोबरला बातमी आली की शिराकावा-गो मध्ये बसथांब्याजवळ एका स्पॅनिश पर्यटकाच्या हाताला अस्वलाने जखम केली. जंगलात नव्हे, बसथांब्याजवळ, जिथे दिवसभर माणसांचा राबता असतो. दोन दिवसांनी गुन्मा प्रांतात नुमाता इथे अस्वल थेट सुपरमार्केटात शिरलं.

2025 चं ते वर्ष सगळ्या जपानलाच जड गेलं. एप्रिलपासून मोजलं तर वर्षभरात अस्वलांच्या हल्ल्यात 13 माणसं गेली, जखमी 200 च्या वर. त्याआधीचं सगळ्यात वाईट वर्ष 2023 चं, त्यात 6 मृत्यू होते. डिसेंबरात क्योतोच्या कियोमिझु मंदिरात दरवर्षी वर्षाचं एक अक्षर मोठ्या कुंचल्याने लिहितात. 2025 चं अक्षर होतं कुमा.

माझ्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी मूळचे उत्तरेतल्या अकिता प्रांताचे, काझुनोजवळचे. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी आईला कुठेही नेणार नव्हते. त्यांनी सांगितलं की 2016 च्या मे-जूनमध्ये काझुनोच्या डोंगरात बांबूचे कोंब वेचायला गेलेली चार माणसं अस्वलाने मारली. त्यांची आई दर वर्षी त्याच डोंगरात जायची, त्या वर्षापासून तिने जाणं सोडलं. कारणं त्यांनी एका दमात सांगितली. बीच आणि ओकच्या झाडांना काही वर्षी फळच धरत नाही. मग हिवाळ्याच्या झोपेआधी चरबी साठवायला अस्वलं खाली उतरतात. खाली गावात माणसं उरलेली नाहीत. डोंगर आणि गाव यांच्या मधल्या ज्या पट्ट्यात पूर्वी लाकूडफाटा तोडणारे, गवत कापणारे रोज असायचे, तिथे आता रान माजलंय. परवानाधारक शिकारी म्हातारे झाले. 2025 च्या 1 सप्टेंबरपासून कायदा बदलला आणि वस्तीत शिरलेल्या अस्वलावर नगरपालिकेच्या आदेशाने गोळी झाडता येऊ लागली, पण गोळी झाडणारा माणूस सत्तरीचा. आम्ही मागोमेला गेलो त्याच्या तीनच दिवस आधी, 5 नोव्हेंबरला, अकितात मदतीला सैन्याचे जवान आले. बंदुका चालवायला नव्हे, लोखंडी पिंजरे उचलून डोंगरात नेऊन मांडायला. तेवढी मनगटातली ताकद गावांत उरली नव्हती.

"घंटा घ्याच," ते म्हणाले, "पण घंटा घेतली म्हणून पहाटे निघू नका."

हे वाक्य या परीक्षणाच्या वर मोठ्या अक्षरात असायला हवं होतं.

घंटा घेण्याआधी मी एक चूक केली, तीही सांगते. 110 येनवाल्या दुकानात एक छोटी रंगीत घंटा मिळाली होती, ती आधी घेतली. किल्लीच्या जुडग्याला शोभेल अशी. आवाज किणकिण, पातळ. खाली नदीकाठच्या बागेत आईला ती घेऊन चालायला सांगितलं आणि मी बाकावर डोळे मिटून बसले. तीस पावलांवर आवाज गेला. पितळीची हीच चाचणी घेतली तेव्हा शंभर पावलांवरही ठण्ण् असा स्वच्छ आवाज येत होता. घेताना दुकानातच वाजवून बघा. पातळ पत्र्याची घेऊ नका. जाड पितळेचा नाद लांबतो, एका ठोक्याचा आवाज पुढच्या ठोक्यापर्यंत टिकतो.

आईने ती हातात घेऊन हलवली आणि म्हणाली, "माय वं, हे त बैलाच्या घुंगरमाळेतली हाय!" मग जरा वेळाने गंभीर झाली. "आमच्याकडे बाया जळणाले जाऊ राह्यल्या की बोलतच जातात. मुक्यानं जंगलात जाऊ नाई. अस्वलाले दिसत बी कमी, ऐकू बी कमी येते. आपण एकदम पुढ्यात गेलो की त्याले वाटते मारालेच आले."

आपल्याकडच्या अस्वलाबद्दल तिने जे सांगितलं ते अभ्यासकही सांगतात. इथलं अस्वल वेगळं. होन्शू या जपानच्या मुख्य बेटावर असतं ते काळं, छातीवर पांढरी चंद्रकोर असलेलं, म्हणून त्याला त्सुकिनोवागुमा म्हणतात, चंद्रकोरीवालं अस्वल. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर असतं ते याहून खूप मोठं, तपकिरी. चंद्रकोरीवाल्याचं नाक तर तेज असतंच, कानही चांगले असतात, आणि एरवी ते माणसाची चाहूल लागली की बाजूला होतं. घंटेचं सगळं शास्त्र या एका सवयीवर उभं आहे: त्याला आधी कळू द्या, वाट ते सोडेल.

आता स्प्रेबद्दल. अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखटाचा फवारा मिळतो, चांगला डबा दहा हजार येनच्या पुढे. एकाच दिवसासाठी एवढा खर्च नको म्हणून मी भाड्याने घेतला. दुकानाचं नाव देत नाही. घरी येऊन डब्याच्या तळाशी पाहिलं तर मुदत संपून दीड वर्ष झालं होतं. डब्यातला दाब कालांतराने कमी होतो. आठ-दहा मीटर जाणारा फवारा दोन मीटरवर गळून पडला तर तो हातात असून काय उपयोग? मी परत नेऊन दिला. दुकानदाराने कमरेत वाकून माफी मागितली, पैसे परत दिले, पण दुसरा डबा त्याच्याकडे नव्हता. मला मनापासून राग आला होता. समोर उभा असलेला माणूस नम्र होता म्हणून तो कमी झाला नाही, कारण त्या डब्याच्या भरवशावर मी माझ्या आईला नेणार होते. भाड्याने घेणार असाल तर दुकानातच डबा उलटा करून तारीख वाचा, आणि टोपी, खटका, कमरेचा पट्टा सगळं बघून घ्या. पाठपिशवीच्या आत ठेवलेला स्प्रे हा स्प्रे नसल्यासारखाच, तो कमरेलाच हवा. आणखी एक, हा डबा विमानात नेता येत नाही, हातातल्या पिशवीतही नाही आणि सामानातही नाही. भारतातून येणाऱ्यांनी इथेच बघावा आणि इथेच ठेवून जावा.

तर आम्ही फक्त घंटा घेऊन निघालो. 8 नोव्हेंबर, शनिवार. नागोयाहून नाकात्सुगावापर्यंत शिनानो एक्सप्रेसने पाऊण-एक तास, तिथून बसने मागोमे. गाडीत घंटा मुकी ठेवायची, हा इथला शिष्टाचार आहे. शांत डब्यात कुणाची घंटा किणकिणली की सगळे मान न वळवता ऐकतात. माझी एकदा वाजली. खटका प्लास्टिकचा आहे आणि पिशवी ठेवताना तो आपोआप खाली सरकतो. या वस्तूतला हा खरा दोष.

मागोमे म्हणजे नाकासेन्दो या जुन्या राजरस्त्यावरचं मुक्कामाचं गाव. एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, क्योतोला डोंगरातून जाणाऱ्या या रस्त्यावर अशी 69 गावं होती. त्सुमागो बेचाळिसावं आणि मागोमे त्रेचाळिसावं. दोन्हींच्या मधे साधारण आठ किलोमीटरची पायवाट, रमतगमत तीन तासांची. दगडी फरसबंद चढ, कडेने वाहणारं पाणी, लाकडी घरं, मागे एना पर्वत. नाकात्सुगावाची कुरिकिन्तोन ही मिठाई आईला फार आवडली. चेस्टनट शिजवून साखर घालून फडक्यात पिळून वळलेली, बाकी काही नाही त्यात. आई म्हणाली, उपासाला चालेल. मी तिला सांगितलं की हे चेस्टनट अस्वलालाही फार आवडतात, आणि पडलेल्या फळांच्या मागे ते याच दिवसांत येतं. तिने अर्धी राहिलेली मिठाई नीट डब्यात बंद केली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिने आधीच दोन पिशव्यांत घट्ट बांधली होती, वास बाहेर जाऊ नये म्हणून. मला सांगावं लागलं नाही.

मागोमेच्या पर्यटन कचेरीत मी आधी अस्वलांचं विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी हसण्यावारी नेलं नाही. एक नकाशा पुढे ओढला, त्यावर लाल ठिपके आणि तारखा होत्या. कुठलं दिसणं पहाटेचं, कुठलं संध्याकाळचं ते बोटाने दाखवलं. नऊनंतर निघा, तीनच्या आत त्सुमागोला पोचा, खायचं काही वाटेत टाकू नका, पिल्लू दिसलं तर थांबू नका, फोटो काढू नका, त्याची आई जवळ असतेच. सगळं मिळून तीन मिनिटं. या प्रवासातली सगळ्यात मोलाची सेवा मला इथे फुकट मिळाली, आणि आमच्या मागे उभे असलेले पंधरा-वीस जण फक्त बसचं वेळापत्रक विचारून गेले. अकिता प्रांताचा कुमादास नावाचा नकाशा आहे, त्यावर कुठे अस्वल दिसलं ते घरबसल्या बघता येतं. मागोमे ज्या प्रांतात येतं त्या गिफूचाही असा नकाशा आहे. जपानी वाचता येत नसलं तरी ठिपके आणि तारखा कळतात. निघायच्या आदल्या रात्री बघाच.

पायवाटेला लागलं की थोड्या थोड्या अंतरावर लाकडी खांबांना मोठ्या घंटा टांगलेल्या आहेत. पाटीवर लिहिलंय, अस्वलांसाठी जोरात वाजवा. मुलं पळत जाऊन वाजवतात, मोठी माणसं लाजत एक ठोका देतात. लाजू नका. आईने पहिल्याच घंटेला देवळातल्यासारखे तीन दणदणीत ठोके दिले आणि हात जोडले. नंतर प्रत्येक घंटेला तेच. या खांबावरच्या घंटांचा आवाज माझ्या घंटेपेक्षा कितीतरी दूर जातो. पण त्या तुम्ही वाजवाल तेवढ्यापुरत्या. दोन घंटांच्या मधल्या वळणांवर, सुगीच्या सावलीत, तुमच्या पिशवीला लटकलेलीच कामाची. सुगी म्हणजे इथला देवदारासारखा उंच वृक्ष. त्याच्या दाटीत भर दुपारी संध्याकाळ वाटते.

घाटमाथ्याच्या अलीकडे एक छोटी वस्ती लागते. दहा-बारा घरं असतील, काहींची दारं कायमची बंद. माणसांच्या दारातून घंटा वाजवत जाणं बरं नाही म्हणून मी खटका वर केला. शिष्टाचार म्हणून. एका अंगणात एक आजी पाला झाडत होत्या. आम्ही "कोन्निचिवा" म्हटलं. त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "का बंद केली? इथेच वाजवा."

मग त्यांनी झाडू वर करून दाखवलं. घरामागे काकीची दोन झाडं, पानं गळून गेलेली आणि फांद्याफांद्यांवर केशरी फळं, शेकड्याने. काकी म्हणजे पर्सिमॉन. दिसायला टोमॅटोसारखं, पण झाडावर दिव्यासारखं लखलखतं. मुलगा नागोयात, तो वर्षातून दोनदा येतो. त्या 84 वर्षांच्या. फळं काढायला कुणी नाही. आदल्या वर्षी फांद्या मोडलेल्या आढळल्या आणि खोडावर नखांचे ओरखडे. ते आम्ही पाहिले: सालीत वरून खाली ओढलेल्या पाच-पाच रेघा, माझ्या डोक्याच्याही वरून सुरू झालेल्या. आईने त्यांवर हात ठेवला आणि काही बोलली नाही.

माझ्या डोक्यातला नकाशा तिथे उलटा झाला. मी जंगलात घंटा वाजवत होते आणि घरांशी आल्यावर बंद करत होते. या ऋतूत धोका घरांशीच होता. फळ आहे, माणूस नाही, रान अंगणापर्यंत आलेलं. पायवाटेवर दिवसाला शेकडो पाय पडतात, बोलणं चालू असतं. आजींच्या अंगणात दिवसभरात त्या एकट्या.

आईला भाषा येत नाही. तिने मला विचारलं, "आकडी हाय का त्यायच्याकडे?" मी विचारलं. आजींनी घराच्या कडेचा लांब बांबू दाखवला, टोकाला चीर दिलेला. डहाळी त्या चिरेत धरायची आणि पिरगाळायची, की फळ देठासकट हातात. आईने पदर खोचला. तिच्या हातात ती युक्ती दोन मिनिटांत बसली. मी खाली टोपली धरून उभी. आजी मधे मधे "सुगोई, सुगोई", म्हणजे भारीच, म्हणत होत्या, आई त्यांना मराठीत उत्तर देत होती. पाऊण तास आम्ही थांबलो. दोन्ही झाडं काही रिकामी झाली नाहीत, वरच्या फांद्या आमच्या आवाक्यात नव्हत्या. पण खालची आणि घराच्या बाजूची सगळी उतरवली. जमिनीवर पडलेली, सडकीसुद्धा वेचून पोत्यात भरली, कारण वास त्यांचाच जातो. आजींनी सांगितलं की काही ठिकाणी नगरपालिका अशी जुनी झाडं तोडायला पैसे देते, पण हे झाड त्यांच्या सासऱ्यांनी लावलेलं. तोडायला मन होत नाही.

निघताना त्यांनी आम्हाला चाळीसेक फळं बांधून दिली. तुरट जातीची, तशी खाता येत नाहीत, सोलून वाळवायची. आणि पुन्हा खटक्याकडे बोट केलं. मी घंटा चालू केली ती त्सुमागोपर्यंत बंद केली नाही.

पुढे उतारावर इचिकोकुतोची नावाचं जुनं चहाघर आहे. गावातले स्वयंसेवक चालवतात, मधोमध चूल पेटलेली, चहा मिळतो आणि त्याचे पैसे मागत नाहीत. डब्यात तुम्हाला वाटेल ते टाका. तिथे दहा मिनिटं टेकलो. त्याच्याही खाली ओदाकी आणि मेदाकी, नर आणि मादी धबधबे. तिथे मी मुद्दाम पुन्हा चाचणी घेतली. आईला घंटा देऊन पुढे पाठवलं. पंधरा पावलांवर पाण्याच्या आवाजात घंटा पूर्ण बुडाली. शंभर पावलांची घंटा पंधरावर. जे तुम्हाला ऐकू येत नाही ते अस्वलालाही फारसं येणार नाही, आणि वारा तुमच्याकडे वाहत असेल तर त्याला वासही नाही. ओढ्याकाठी, धबधब्यापाशी, जोराच्या वाऱ्यात आणि आंधळ्या वळणांवर टाळ्या वाजवा, मोठ्याने बोला. आम्ही तिथून खाली उतरताना आईने हरिपाठ म्हणायला सुरुवात केली, चांगला खड्या आवाजात. समोरून येणारं एक फ्रेंच जोडपं थांबून ऐकत राहिलं.

कानात इयरफोन घालून एकटे चालणारे तिघे जण आम्हाला भेटले. त्यातल्या दोघांच्या पिशवीला घंटा होत्या. स्वतःची घंटा ज्याला ऐकू येत नाही त्याला झुडपातली खसफस कशी ऐकू येणार? मी एका मुलीला थांबवून सांगितलं. तिने इयरफोन काढले, आभार मानले. अनोळखी माणसाला असं सांगणं मला जड जातं, पण सांगितलं याचं आता बरं वाटतं.

समोर आलंच तर काय, हेही लिहायला हवं, कारण घंटा तिथे संपते. पळायचं नाही, अस्वल माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतं. पाठ न दाखवता, त्याच्याकडे बघत, हळूहळू मागे सरकायचं. अंगावर आलंच तर पालथं पडून दोन्ही हात मानेमागे गुंफायचे आणि चेहरा जमिनीकडे ठेवायचा. अकितातल्या डॉक्टरांचा अनुभव आहे की जखमा बहुतेक चेहऱ्याला होतात. आम्ही दोघींनी घरच्या चटईवर हे करून पाहिलं होतं. आईला पटकन पालथं पडणं जमत नव्हतं, म्हणून चार-पाचदा केलं. तुमच्याबरोबर वयस्कर माणूस असेल तर तुम्हीही करून बघा. वाचून माहीत असणं आणि अंगाला माहीत असणं यात फरक पडतो.

त्सुमागोला पावणेतीनला पोचलो. घरांच्या वळचणीला सोललेल्या काकींच्या माळा वाळत टांगलेल्या, आपल्याकडे मिरच्या टांगतात तशा. आईने तिथल्या एका बाईंकडून हातवारे करूनच सगळी रीत समजून घेतली: देठाला दोरी, उकळत्या पाण्यात एक बुचकळी, मग वाऱ्यावर. घरी आल्यावर माझ्या सातव्या मजल्याच्या गॅलरीत आईने चाळीस फळांच्या चार माळा बांधल्या. डिसेंबरपर्यंत ती काळपट, मऊ झाली, वर साखरेची पांढरी पूड आली. मी दोन माळा कारखान्यात नेल्या. अकिताचे सहकारी एक फळ हातात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले की त्यांच्या गावी या वर्षी कुणी घराबाहेर काकी वाळत घातल्या नाहीत. अस्वल येईल म्हणून.

आता गुण. नाद: पाचपैकी पाच. कडी आणि हुक: मजबूत, तक्रार नाही. लटकवायची जागा महत्त्वाची आहे. पिशवीच्या मागे मोकळी झुलू द्या, बाजूच्या कप्प्याला चिकटली की आवाज अर्धा होतो. काठीला बांधली तर प्रत्येक पावलाला वाजते, ते आणखी चांगलं. खटका: पाचपैकी दोन. प्लास्टिकचा, महिन्याभरात सैल झाला, गाडीत वाजतो आणि चढावर कधी कधी आपोआप बंद होतो. गाडीत वाजणं चालून जाईल, चढावर बंद पडणं चालणार नाही. दर अर्ध्या तासाने हात लावून बघत होते. किंमत रास्त. एकूण चार देईन, आणि पहाटे, संध्याकाळी किंवा वर्दळ नसलेल्या वाटेवर एकटं जाण्यासाठी ही पुरेशी समजून घेणार असाल तर एकही देणार नाही. किसो खोऱ्यात, कामिकोचीत, उत्तरेत कुठेही जाणार असाल तर घ्या. होक्काइदोतल्या रानात जाणार असाल तर वाटाड्या घ्या.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आई परत गेली. घंटा तिने मागितली नव्हती, मीच तिच्या पिशवीला बांधली. मामा पहाटे हरभऱ्याला पाणी द्यायला जातो तेव्हा काठीला बांधून नेतो. परवा फोनवर म्हणाला, "मोटार चालू असली की आयकू येत नाई बाप्पा, मंग मी खाकरत जातो." खटका त्याने खाली करून वर तार गुंडाळून टाकला आहे, आता ती बंद होतच नाही. मला दुसरी घ्यायची आहे. या वेळी धातूचा खटका असलेली बघते आहे.